तोंड उघडं ठेवून बोलायची भाषा

"आ करा," असं म्हणून डॉक्टर पेशंटच्या आधी स्वतःच आ करायचे. मास्क हनुवटीपर्यंत ताणला जायचा, त्यावरून ते कळायचं. मग पेशंटच्या तोंडात आरसा, कापूस, थुंकी ओढायची नळी आणि स्वतःची दोन बोटं एवढा बाजार मांडून झाला की स्टूल पुढे ओढून आरामात बसत आणि विचारत, "हं, बोला. काय म्हणतंय गाव?"

बोलणार काय कपाळ? तो बिचारा डोळे फिरवून माझ्याकडे बघायचा. मी ट्रे धरून उभी. मी तरी काय करणार, मी छताकडे बघायची.

रोह्याला एस.टी. स्टँडच्या मागच्या गल्लीत आमचा दवाखाना होता. खाली शिंप्याचं दुकान, वर आम्ही. डॉक्टर राहायला पेणला. बायको जाऊन बरीच वर्षं झालेली, मुलगा बंगळूरला कॉम्प्युटरमध्ये. सकाळच्या गाडीनं यायचे, संध्याकाळच्या गाडीनं परत. मी त्यांच्या हाताखाली इतकी वर्षं काढली की माझ्या पोराच्या दुधाच्या दातांपासून लग्नापर्यंतचा हिशेब त्यांना तोंडपाठ होता. त्यांचं नाव मात्र मी इथे सांगणार नाही. त्यांना स्वतः बोलायला फार आवडायचं, पण त्यांच्याविषयी कुणी बोललेलं अजिबात खपायचं नाही.

बोलके म्हणजे किती बोलके? तुम्ही गाडीत अशी माणसं पाहिली असतील, समोरच्यानं पेपर उघडला तरी पेपरच्या मागून त्याच्याशी बोलत राहतात. त्यातले. आणि अशा माणसानं धंदा कुठला निवडावा, तर जिथे समोरच्याला तोंड मिटताच येत नाही असा. "ताई," ते मला म्हणायचे, "दिवसभर माणसं समोर असतात माझ्या. पण संध्याकाळी गाडीत बसलो की आठवतं, आज आपल्याशी कुणी बोललंच नाही." मी म्हणायची, "मी बोलते की." तर म्हणायचे, "तुम्ही बोलत नाही, तुम्ही झापता." ते खरंच होतं.

या सगळ्याला तोंड फुटलं ते वालांवरून. धाटावच्या एका कंपनीतला ऑपरेटर रात्रपाळी करून थेट दाढ दाखवायला आला होता. त्याला भुलीचं इंजेक्शन दिलं, थोडं थांबून मशिन लावलं. मशिन सुरू, डॉक्टरही सुरू. "तुमच्याकडचे वाल निघाले असतील ना यंदा? कडवे?" माणूस म्हणाला, "आँ." "मिळतील का थोडे?" "आँ, आँ." "किलोभर पुरे." "आँऽऽ." "नको, नको, जास्त नको. एकटा माणूस मी." तो ऑपरेटर खुर्चीचे हात धरून अर्धा वर आला तेव्हा कुठे मी डॉक्टरांच्या खांद्याला हात लावला. कापूस काढल्यावर तो पहिलं वाक्य बोलला, "डॉक्टर, भूल चढलीच नाय हो."

पुढच्या खेपेला तो वाल घेऊन आला. एवढं मागितलंत तर म्हटलं आणावेत, म्हणाला. डॉक्टरांनी ती पिशवी हातात घेतली आणि दुपारपर्यंत एक शब्द बोलले नाहीत. मला वाटलं, बरं नाहीये. मग म्हणाले, "तो माणूस सांगत होता, ताई, दुखतंय म्हणून. आणि मी वाल ऐकत होतो." वाल त्यांनी मलाच देऊन टाकले. बिरडं करणार कोण, म्हणाले.

पुढच्या आठवड्यात आले ते जाहीर करतच आले. पेशंटला तोंड उघडं ठेवून बोलता येईल अशी भाषा ते तयार करणार होते. नावसुद्धा गाडीत ठरवून आले होते. उघडी. उघड्या तोंडाची म्हणून उघडी. मी म्हटलं, चहा घ्या आधी.

पण डोक्यात घेतलं की घेतलंच. पहिल्यांदा त्यांनी बाराखडी साफ केली. मला खुर्चीत बसवलं, दाढांच्या मध्ये शिंप्याकडचं दोऱ्याचं रिकामं रीळ धरायला लावलं आणि म्हणाले, क पासून सुरू करा. प, फ, ब, भ, म पहिल्याच फटक्यात गेले, कारण ओठाला ओठ लागतच नाही. त, थ, द, ध म्हणायला जीभ दाताला लावावी तर तिथे त्यांचं बोट. ट, ठ म्हणताना जीभ वर वळते आणि गालातला कापूस बाहेर येतो. स आणि श म्हटले तेव्हा डॉक्टरांनी चष्मा पुसला आणि काही न बोलता तेही बाद केले. दातांच्या डॉक्टरनं केलेल्या भाषेत दाताला जीभ लावून बोलायचं एकही अक्षर उरलं नाही. स्वरांतही उ आणि ओ यांना ओठ गोल करावे लागतात, ई म्हणायला जबडा मिटतो. शेवटी हातात राहिलं काय, तर क, ख, ग, घ, ह, आणि स्वर अ, आ, ॲ. आणि ङ. तो ङ, ज्याला आपण सगळेच शाळेत पाठ करून विसरलो, त्याला जन्मात पहिल्यांदा नोकरी लागली. डॉक्टरांना त्याचा इतका आनंद झाला होता की विचारू नका. "गळ्यातून येतो, नाकातून जातो, तोंडाचा संबंधच नाही," असं ते शिंप्यालासुद्धा खाली जाऊन सांगून आले.

मग शब्द. एवढ्याशा अक्षरांत शब्द करायचे म्हणजे सोपं काम नव्हतं. 'थोडं दुखतंय' याला त्यांनी पहिल्यांदा जो शब्द केला, त्यात ह आणि ग शेजारी शेजारी आले होते. मी म्हटलं, "डॉक्टर, हा चालणार नाही." म्हणाले, "का? उच्चाराला किती सोपा आहे." मी म्हटलं, "सोपा आहे म्हणूनच." त्यांना कळायला जरा वेळ लागला. कळल्यावर कानापर्यंत लाल झाले.

पहिल्या आवृत्तीत त्यांनी सुरावर भर दिला होता. 'हा' वर चढवला की थांबा, खाली उतरवला की चालू द्या. कागदावर झकास. पण आपल्याकडे गावागावाचा हेल वेगळा, हे पेणच्या माणसाला मी सांगायला हवं होतं का? खाडीकडची माणसं आली, त्यांचं प्रत्येक वाक्य शेवटी वर जातं. ती 'चालू द्या' म्हणायची आणि डॉक्टर हात मागे घ्यायचे. ती पुन्हा 'चालू द्या' म्हणायची, डॉक्टर पुन्हा थांबायचे. एका काकांची एक दाढ भरायला अख्खी दुपार गेली. उलट बाजारातल्या एका वाण्याचा सूर जन्मजात सपाट. त्याला थांबवायचं होतं आणि डॉक्टर चालूच राहिले.

सूर गेले. मग ऱ्हस्व-दीर्घ आले. आखूड 'गा' म्हणजे जरासं, लांब 'गाऽऽ' म्हणजे खूप. तेही फसलं, कारण दुखलं की कुठलाच माणूस ऱ्हस्व बोलत नाही. सगळं गाव दीर्घच बोलायला लागलं. शेवटी सूर नाही, लांबी नाही, फक्त अक्षरांवर त्यांनी भाषा उभी केली. घाघा म्हणजे दुखतंय. हङ म्हणजे थांबा. खख म्हणजे घशात पाणी साचलंय. अहा म्हणजे हो आणि अघा म्हणजे नाही. असे करत करत बरेच शब्द झाले. गरम लागतं, गार लागतं, डावीकडे, मागे, जीभ जड झाली, सगळं.

शिकवणी बाहेरच्या बाकावर चालायची. आलेल्या प्रत्येकाला एक एक रीळ, गरम पाण्यातून काढलेलं, ते दाढेत धरायचं आणि डॉक्टरांच्या मागून म्हणायचं. घा-घा. ह-ङ. एकदा खालून शिंपी हातात कात्री घेऊनच वर धावत आला, वर कुणाला कापतायत की काय म्हणून. डॉक्टर स्वतः गाडीत सराव करायचे. पेणहून निघाले की रीळ तोंडात, आणि खिडकीतून बाहेर बघत घाघा, खख, अहा. शेजारची सीट रोह्यापर्यंत रिकामी राहायची. ते मला म्हणायचे, लोक हल्ली फार सभ्य झालेत, जागा देतात.

पेशंट कमी झाले. नदीपलीकडे नवा दवाखाना निघाला होता, तिथे म्हणे तोंडात रीळ धरायला लावत नाहीत. जे येत होते तेही एकच शब्द शिकायचे, हङ. त्या शब्दाचा मात्र प्रसार दणक्यात झाला. सुई दिसली की हङ. मशिनचा आवाज आला की हङ. धाटावची पोरं जिन्यातूनच हङ हङ करत वर यायची आणि हसायची. डॉक्टर त्यांच्यासोबत हसायचे. पण एकदा हात धुताना म्हणाले, "सगळ्यांना मला थांबवायचंच आहे, ताई. कुणाला काही सांगायचं नाहीये." हे वाक्य गमतीत म्हटलेलं नव्हतं. त्या एवढ्या उद्योगातून त्यांना काय हवं होतं ते मला तेव्हा पक्कं कळलं. एक माणूस हवा होता, खुर्चीत बसून त्यांच्याशी बोलणारा.

आणि तो माणूस पेणच्या वाटेवरच्या निडी गावाकडून आला. माणूस म्हणजे आजी. नाकात नथीएवढी चमकी, कमरेला पिशवी, सोबत सून. तोंडात जेमतेम तीन दात आणि तेही एकमेकांशी भांडण असल्यासारखे लांब लांब. डॉक्टरांनी रीळ पुढे केलं तर म्हणाली, "ह्ये काय करायचं? नको मला." आणि तसंच तोंड उघडं ठेवून, डॉक्टरांनी सांगितलेले सगळे शब्द एकामागून एक असे म्हणून दाखवले की डॉक्टर स्टुलावरून उठून उभेच राहिले.

"तुम्हाला कुणी शिकवलं?"

"शिकवायचं काय त्यात? आमी बाया सकालच्या पारी पान्यावर मशेरी लावताव ना, तवा असंच बोलताव. बोट तोंडात, मान वर. मिटलं तं मशेरी गलते. मंग काय, गप बसायचं?"

हे माझ्या कसं लक्षात आलं नाही, याचं मला अजून नवल वाटतं. माझी आई तशीच बोलायची. तर्जनी तोंडात, मान मागे टाकलेली, आणि गावातल्या अर्ध्या बायकांची उणीदुणी निघतायत. अक्षर एक धड नाही, पण ऐकणारीला सगळं कळतंय. डॉक्टर जी भाषा गाडीत बसून घडवत होते, ती आमच्या बायका विहिरीवर आणि नळावर कधीपासून बोलत होत्या.

आता यातली गंमत बघा. डॉक्टर मशेरीचे वैरी. तंबाखू जाळून केलेली ती काळी पूड दिसली की ते पेटायचे. बाई आली, दात काळे दिसले, की दवाखान्यात व्याख्यान सुरू. गालाला काय होतं, हिरड्यांना काय होतं, शेवट कुठे होतो. आणि त्यांची भाषा स्पष्ट कोण बोलणार, तर फक्त मशेरीवाल्या.

आजीची दुसरी खेप मला कालच्यासारखी आठवते. सून कोपऱ्यात मोबाइलवर काहीतरी बघत बसलेली. डॉक्टर आजीच्या तोंडात आरसा घालून म्हणाले, "हं, बोला. काय म्हणतंय गाव?" आणि आजी बोलायला लागली. सरळ बोलायला लागली. डॉक्टरांचे शब्द, त्यात नळावरचे आपले घातलेले. सून भाजीत मीठ जास्त टाकते आणि मुद्दाम टाकते. मुलगा तिचंच ऐकतो. म्हैस विकली ते चुकलं. डॉक्टरांचा हात हवेतच राहिला. ट्रेवरचा चिमटा वाजायला लागला तेव्हा मला कळलं की मी हसतेय.

डॉक्टर भान विसरून मराठीत म्हणाले, "अहो, पण मीठ कुणी मुद्दाम—" मी इतक्या जोरात खोकले की सुनेनं वर बघितलं. डॉक्टरांच्या लक्षात आलं. त्यांनी मास्क खाली ओढला, स्वतःचं तोंड आ करून उघडलं आणि उघडीत उत्तर दिलं. मग आजीनं त्यावर काहीतरी, मग यांनी. दोन म्हातारी माणसं एकमेकांच्या तोंडात बघत आ वासून बोलतायत. माझ्या आयुष्यात मी इतकं विचित्र काही पाहिलेलं नाही, आणि डॉक्टरांना इतकं खूष झालेलंही पाहिलेलं नाही. आजी गेल्यावर ते खिडकीशी जाऊन म्हणाले, "चुगली केली तिनं, ताई. उघडीत चुगली केली." जणू नातवानं पहिलं पाऊल टाकलं होतं.

आजी यायला लागली. आजीच्या सोयीसाठी नवे शब्द झाले. सुनेला आकाङ, म्हशीला घॅ. आणि डॉक्टर लबाडी करायला लागले. आजीचा दात हलत असायचा, दुखत असायचा, काढायचा सोडून हे म्हणायचे, बघू, आणखी थोडे दिवस टिकवू. मी दोन वेळा ऐकून घेतलं. तिसऱ्या वेळी आजी गेल्यावर दार लावून त्यांना म्हटलं, "ती घरी गाल धरून बसते. तुमच्या गप्पांपायी तिला कळा काढायला लावताय. शोभतं का?" पुढच्या खेपेला दोन दात काढून टाकले. काढताना हात नेहमीसारखा हलका, तोंड मात्र उतरलेलं.

मी एवढ्यावर सोडणारी नव्हते. म्हटलं, "आणि मशेरी? गावातल्या सगळ्या बायांना झापता. आजीला एक शब्द नाही?" तर हे गृहस्थ मला काय सांगतात, "तिचा उच्चार जाईल, ताई." मी म्हटलं, उच्चार चुलीत घाला. रागावले माझ्यावर. दिवसभर मला नुसतं 'कापूस' आणि 'आरसा' एवढंच म्हणाले.

पण त्यानंतर आजी आली तेव्हा डाव्या गालात आत त्यांना पांढरा डाग दिसला. मी त्यांच्या शेजारीच होते. त्यांनी आरसा तसाच धरून ठेवला, बराच वेळ. मग मास्क काढला, आजीच्या हातात दुसरा आरसा दिला, डाग दाखवला आणि साध्या मराठीत, सुनेला ऐकू जाईल असं म्हणाले, "मशेरी आजपासून बंद. कमी नाही, बंद. नाहीतर हा डाग पुढे काय होईल ते मला तुम्हाला सांगावं लागेल, आणि मला ते सांगायचं नाहीये."

आजीनं तोंड मिटलं. "मशेरी सोडली तं सकालचं पोट कसं साफ व्हयल?" म्हणाली. डॉक्टर म्हणाले, त्याचं औषध देतो. "माझ्या बापापासनं कुनी मला बंद कर म्हनलं नाय," असं म्हणून ती खुर्चीतून उतरली, पिशवी खोचली आणि जिना उतरून गेली. सून मागून धावली. डॉक्टर हात न धुताच उभे होते.

आजी यायची थांबली. एक महिना गेला, दुसरा गेला. निडीची गाडी येऊन गेली की डॉक्टर काहीतरी निमित्त काढून खिडकीशी जायचे. पेशंटला आ करा म्हणायचे, पण गाव काय म्हणतंय ते विचारायचे नाहीत. रिळांचा डबा कपाटावर गेला. दवाखान्यात इतकी शांतता झाली की शिंपी वर येऊन विचारून गेला, डॉक्टरांना बरं नाही का. मला माझाच राग यायचा. आणि त्याच तोंडानं वाटायचं, बरोबर तेच झालं.

मग एक दिवस सून एकटीच आली, तिची दाढ दुखत होती. डॉक्टर काही विचारत नाहीत हे बघून मीच विचारलं, आजी कशी आहे गो? म्हणाली, "मशेरीचा डबा सोताच चुलीत टाकलान. आठ दिस घरात कुनाशी बोलल्या नाय. पन लावत नायत आता." मग डॉक्टरांना म्हणाली, "डाक्टर, त्या हितं जे बोलायच्या ना, मला समदं कलायचं. मिठाचं, म्हशीचं. मी पन लगीन व्हईपर्यंत मशेरी लावायची."

डॉक्टरांच्या हातातला चिमटा ट्रेमध्ये पडला. "मग तुम्ही काही बोलला कशा नाहीत?"

"बोलू दे की. घरात त्या कुनाला काय सांगत नायत, मनात ठेवतात. हितं तरी बोलायच्या."

अशी सून. आणि आम्ही तिच्यासमोर खोकत होतो.

आजी आली ती उन्हाळा संपता संपता. एकच दात राहिला होता, तो काढायला. डॉक्टरांनी पहिल्यांदा गाल बघितला. डाग फिका पडला होता. त्यांनी मला दाखवला, बोटानं नुसता, आणि परत मास्क वर ओढला. भुलीची सुई दिली. आता ती चढेपर्यंत थांबायचं. हा दात गेला की आजीला या जिन्यावर यायला कारण उरणार नव्हतं, हे त्यांना ठाऊक, मला ठाऊक, तिलाही ठाऊक असणार. नेहमी याच वेळात गप्पा व्हायच्या. आज डॉक्टर काही बोलेनात. रागावलेल्या माणसाशी आपण होऊन कसं बोलायचं, हे त्यांना येत नव्हतं.

तर आजीच तोंड उघडून म्हणाली, "हॅहाका?"

डॉक्टरांनी माझ्याकडे बघितलं. मी मान हलवली, मला ठाऊक नाही. त्यांनी आठवून बघितलं. "हा शब्द माझा नाही," म्हणाले. आजी पुन्हा म्हणाली, हॅहाका, आणि त्यांच्या पोटाकडे बोट केलं.

शेवटी तिनं तोंड मिटलं. भुलीनं ओठ जड झालेला, शब्द एका बाजूनं सांडत होते. "जेवलाव का, इचारते मी. तुमच्या भाषेत त्ये नायच. मी लय हुडकलं. दुखतं हाय, थांबा हाय, पानी हाय, समदं आमचंच. तुमाला काय इचारायचं तं कसं इचारायचं? म्हून पान्यावरचं घेतलं."

माणसानं बोलावं म्हणून त्यांनी एक अख्खी भाषा केली होती, आणि त्यांना काही विचारता येईल असा एक शब्द त्यात ठेवायचं त्यांना सुचलं नव्हतं.

आता हे मला सांगायलाच हवं. रोज दुपारी बंगळूरहून मुलाचा फोन यायचा, आणि त्याचा पहिला प्रश्न हाच असायचा. फोन स्पीकरवर, कारण हातात मोजे. "बाबा, जेवलात?" "जेवलो रे. पोळी, भाजी, वरणभात." मी बाजूला उभी. समोर टेबलावर बिस्किटाचा पुडा आणि चहा. मी एकदा त्यांना बोलले होते, मुलाला खोटं का सांगता? तर म्हणाले होते, तिकडे बसून तो काय करणार, नुसता काळजी करणार. माझ्या डब्यातलं देऊ केलं तर दोन घास खायचे आणि पोट भरलं म्हणायचे.

तेव्हा आजीनं विचारल्यावर आता हे काय सांगतात म्हणून मी बघत होते. त्यांनी मास्क काढला. तोंड उघडलं, रुंद, पेशंट उघडतो तसं. आणि म्हणाले, "अघा."

नाही.

आजीनं पिशवीत हात घातला. तांदळाची भाकरी होती आणि बिरडं. डॉक्टर त्या स्टुलावर बसून जेवले, आजी खुर्चीत एका बाजूला वाकडं झालेलं तोंड घेऊन बघत राहिली. बाहेर बाकावर दोन पेशंट होते. त्यांना मी सांगितलं, थांबा जरा, डॉक्टर जेवतायत. दात त्यानंतर काढला. भूल अर्धी उतरली होती, पण आजीनं घाघा म्हटलं नाही.

त्यानंतर आजीला कारण लागलं नाही. कवळी करून घेतली नाहीच, नको म्हणाली. रोह्याच्या बाजाराला आली की जिना चढून यायची, खुर्चीत बसायची, आ करायची. डबा आणायची. एखादे वेळी तिला जमलं नाही तर सून देऊन जायची. माझा पोरगा एकदा मला म्हणाला, मराठीत बोलत का नाहीत ती दोघं, आता तर तोंडात काही नसतं. मी त्याला म्हटलं, तू तुझं काम कर.

यंदा पाऊस संपल्यावर डॉक्टर गेले. पेणला, घरी, झोपेत. शेजाऱ्यांनी मुलाला कळवलं, मुलानं मला. मी निडीला फोन केला. दिवसकार्याच्या वेळी आम्ही तिघी गाडीनं गेलो, मी रोह्यातून, आजी आणि सून निडीला चढल्या. त्यांच्या गल्लीत दोन्ही बाजूंना गणपतीचे कारखाने आहेत. ओट्यावर रंग न दिलेल्या मूर्ती वाळत होत्या आणि त्यांच्यामधून वाट काढत आम्ही त्यांच्या दारात गेलो. इतकी वर्षं त्यांच्या हाताखाली काढली, पण घर मी पहिल्यांदाच बघत होते. स्वयंपाकघरात गॅसवर चहाचं एकच पातेलं होतं.

मुलगा चांगला आहे. चेहरा बापाचा, बोलणं कमी. त्यानं आम्हाला बसायला खुर्च्या दिल्या, पाणी दिलं. मग म्हणाला, "मला एवढंच समाधान आहे. रोज विचारायचो मी. एक दिवस चुकवला नाही. बाबा वेळेवर जेवायचे ना हो? मला म्हणायचे, पोळी, भाजी, वरणभात. रोज."

मी सुनेकडे बघितलं. सून खाली बघत होती.

आजीच पुढे झाली. त्याच्या पाठीवरून हात फिरवला आणि स्वच्छ, सावकाश मराठीत त्याला म्हणाली, "जेवायचे की, बाला. पोटभर जेवायचे. मी बघितलंय ना."